‘येणे’चा उलट शब्द

मार्च लागला की वर्गात दुसरं काही नसायचं, नुसती उजळणी. उलट शब्द, सारख्या अर्थाचे शब्द, वचन बदला, लिंग बदला. ही साठ सालच्या आसपासची गोष्ट. पोलादपूरच्या वर डोंगरात एक वाडी, तिथल्या देवळात भरणारी चौथीपर्यंतची शाळा आणि चारही इयत्तांना मिळून मी एकटा मास्तर. मी महाडचा, चवदार तळ्याजवळच्या आळीत वाढलेला, आणि आपल्या शुद्ध बोलण्याचा मला भलता तोरा. पोरं ‘हाय’ म्हणाली की मी ‘आहे’ म्हणायचो, ‘नाय’ म्हणाली की ‘नाही’. दुसऱ्या दिवशी पुन्हा हाय आणि नाय. पालथ्या घड्यावर पाणी. ओरडून ओरडून माझाच घसा बसायचा.

चौथीत चौघं होती, त्यात एक मुलगी. वाचनात तीच पुढे. बाप मुंबईला गोदीत कामाला होता, तो दोन वर्षांपूर्वी वारला. घरात आई आणि ही. मुंबईच्या चुलत्याने सांगून ठेवलं होतं, पोरगी चौथी पास झाली तर पोलादपूरला मामाकडे राहून पाचवीत जाऊ दे. नापास झाली तर मी तिला मुंबईला नेतो, माझं लहान मूल सांभाळायला. हे सगळ्या वाडीला ठाऊक होतं आणि मलाही.

एक दिवस फळ्यावर दहा शब्द लिहून दिले, म्हटलं उलट शब्द लिहा. हिच्या पाटीवर नऊ जोड्या बिनचूक, आणि ‘येणे’समोर मोकळी जागा. मी विचारलं, ती गप्प. पुन्हा विचारलं, तरी गप्प. मला वाटलं, हुशारी डोक्यात गेली हिच्या. हातावर दोन पट्ट्या ओढल्या. रडली नाही. पाटी पोटाशी धरून बसून राहिली.

शाळा सुटल्यावर तिची आई आली. देवळाच्या पायरीखालीच उभी राहिली.

“गुरुजी, मारलात त्याचा राग नाय. पर तो सबूद तिला म्हनायला लावू नका. तिचा बापूस गनपतीला आलेला. परत निघताना गाडी चुकंल म्हनून घाईत ‘जातो गो’ बोलला. ‘येतो’ बोलायचं ऱ्हायलं. मंग कार्डच आलं. तवापासनं आमच्या घरात तो सबूद नाय.”

घरातून निघताना ‘जातो’ म्हणू नये, ‘येतो’ म्हणावं, हे मला का ठाऊक नव्हतं? चुकून ‘जातो’ निघालं तर माझी आई दारातून परत बोलवायची. आणि मी शहाणा त्याच शब्दासाठी त्या पोरीला पट्टी मारून बसलो होतो. मला स्वतःची लाज वाटली. म्हटलं, राहू द्या, एक जोडी गाळली म्हणून काही बिघडत नाही.

एप्रिलात दिपोटी आले, म्हणजे परीक्षा घेणारे तपासनीस साहेब. डोंगर चढून घामाघूम झालेले. ताक प्यायले, चौथीला ओळीत उभं केलं. हिची पाळी आली तेव्हा सगळ्यात सोपा म्हणून त्यांनी तोच शब्द विचारला.

“बाळ, ‘येणे’च्या उलट काय?”

तिने माझ्याकडे पाहिलं. मी साहेबांच्या मांडीवरच्या शेऱ्यांच्या वहीकडे पाहत होतो. साहेब, हिला दुसरा शब्द विचारा, एवढंच म्हणायचं होतं. पण महाडला बदली व्हावी म्हणून माझा अर्ज त्यांच्याकडेच पडून होता. मी मूग गिळून गप्प बसलो. साहेबांनी तीनदा विचारलं. मग पुस्तक पुढे केलं, वाच म्हणाले. जो धडा ती न बघता म्हणायची, त्यातला एकही शब्द तिच्या तोंडून फुटेना. साहेबांनी नावापुढे फुली मारली आणि मला म्हणाले, “गुरुजी, शब्दांची उजळणी कच्ची आहे.”

मी म्हटलं, “होय साहेब.” त्या ‘होय साहेब’ची मला अजून शिसारी येते.

मागाहून चुलत्याला कार्ड लिहिलं, पोरगी हुशार आहे, पुढच्या वर्षी पुन्हा बसवू. उत्तर आलं नाही, तोच आला.

मे महिन्यात मी सुट्टीला घरी निघालो होतो. पोलादपूरच्या स्टँडवर दोघं दिसली, मुंबईच्या गाडीला थांबलेली. तिच्या हातात कापडाची पिशवी. आई नव्हती, डोंगर उतरून ती आलीच नसावी. मी जवळ जाऊन उगाच विचारलं, जेवलीस का. तिने मान हलवली. गाडी लागली, चुलता आधी चढला. पायरीवर पाय ठेवून ती वळली.

“जाते, गुरुजी.”

शब्द अगदी स्वच्छ, उत्तर द्यावं तसा. ‘येते म्हण’, असं सांगायला मी तोंड उघडलं. वर्षभर तिचा एकेक शब्द सुधारणारा मी, आणि माझ्या तोंडून काही निघालं नाही. तिला आत बसायला जागा मिळाली की नाही, तेही दिसलं नाही.

माझी बदली झाली नाही. त्या वाडीत मी पुढे सात वर्षं होतो. ती आली नाही.