मराठीतला चार

"...सत्तावन, अठ्ठावन... बोलू नको रे सुदाम, टर्न चुकल... एकोणसाठ, साठ. हां. आता बोल काय ते."

"तो इकायचा हाय का, दादा?"

"कोण?"

"तो आतला. लुगड्याखालचा. कॉम्प्युटर."

कुंडलिकनं तांब्याच्या तारेचं टोक दातात धरलं आणि सुदामकडे बघितलं. "मोटर न्यायला आलास का घर धुंडाळायला?"

"पाणी प्यायला गेल्तो आत. वत्सलावहिनीनी दिलं, तवा दिसला. आमची संध्या मुरबाडला कॉलेजात जाते ना. तिला पायजे हाय. दुकानातला नवा नाय परवडत. तुमचा तर नुसता पडून हाय."

"नाय इकायचा."

सुदाम उठला नाही. त्याची जळालेली मोटर कुंडलिकच्या पायाशी उघडी पडली होती. ती हातात मिळेपर्यंत त्याला कुठं जायचं नव्हतं.

धसईच्या बाजारातून मुरबाडच्या रस्त्याला लागलं की डाव्या हाताला कुंडलिक हरडचं दुकान. दुकान म्हणजे घराची पुढची पडवी. तिथं विहिरीवरच्या, ओढ्यावरच्या, भेंडी-काकडीला पाणी पाजणाऱ्या मोटरी येऊन पडतात. कुंडलिक त्या उघडतो, जळकी तार उपसून काढतो आणि नवी भरतो. रिवायंडिंग म्हणतात त्याला. तीस वर्षं झाली. मोटर नाकाशी नेली की हा सांगणार, ही कोरडी चालली, हिचा एक फेज गेला, आणि हिला तुझ्या भावानं रात्रभर चालू ठेवली, त्याला इचार जा. शिकला सातवीपर्यंत, मराठी शाळेत. एबीसीडीशी त्याचं कधी जमलं नाही. कोणत्या मोटरीला किती टर्न, म्हणजे तारेचे किती वेढे, ते त्याच्या वहीत मराठी आकड्यांत लिहिलेलं असतं. त्या वहीला घरात कोणी हात लावत नाही. फक्त भाग्यश्रीला मुभा होती.

भाग्यश्री त्याची एकुलती पोर. लहानपणी आंब्यावर चढायची. नववीत गेली तशी शाळेच्या पायऱ्यांवर पडायला लागली. सगळे बोलले पोर धांदरट आहे. वत्सलानं दोनदा मार दिला, एकदा नवीन ड्रेस फाडला म्हणून, एकदा दुधाचा तांब्या सांडला म्हणून. त्या दोन माराची आठवण वत्सला आजही काढते, आणि काढली की उठून चुलीकडे जाते. मुंबईच्या मोठ्या दवाखान्यात दाखवलं तेव्हा कळलं की पोरीचे स्नायू झिजतायत. पायांपासून वर झिजत जाणार. डॉक्टर बोलले, हात शेवटी जातील. वत्सलाला ते बरं वाटलं. कुंडलिकनं विचारलं, "शेवटी म्हंजे कवा?" डॉक्टर बोलले, नक्की नाही सांगता येत. तीन वर्षं धरा.

म्हणजे हातांची मुदत ठरली होती. घरात तिघांना माहीत होती. बोलत कोणी नव्हतं.

भाग्यश्री बसल्या जागी मोबाईलवर लग्नाच्या पत्रिका करायची. सुंदर करायची. कुलदैवत कुठं, मामाचं नाव कुठं, हळदीचा टाइम कुठं, सगळं असं मांडायची की बघणाऱ्याला आपल्या घरात काहीतरी चांगलं होतंय असं वाटावं. आजूबाजूच्या पाड्यांवरून लोक यायला लागले. मग मोबाईल जड व्हायला लागला. पावशेराचा पण नाही तो, तरी जड. एक दिवस ती बापाला बोलली, "बाबा, मना कॉम्प्युटर पायजे. माउस टेबलावर ऱ्हातो. उचलायला नाय लागत, नुसता सरकवायचा."

"मंग लॅपटॉप घेऊ."

"नको. तो बिघडला का आख्खा जातो. डबेवाला घेऊ. तो आपल्या मोटरीसारखा. जळंल तेवढंच बदलायचं."

बापाशी कुठल्या भाषेत बोलायचं, ते या पोरीला ठाऊक होतं.

महिनाभर तिनं मोबाईलवर बघून बघून कोणता भाग घ्यायचा, कोणता नाही, ते ठरवलं. कमीत कमीत काय चालेल, कशात हात आखडायचा आणि कशात नाही. मग वहीच्या शेवटच्या पानावर यादी लिहिली. बापाला वाचता यावी म्हणून सगळी मराठीत. कॅबिनेट, म्हणजे बाहेरचा डबा. एसएमपीएस, म्हणजे लाइटीचा खोका. मदरबोर्ड, म्हणजे सगळं ज्याच्यावर बसतं तो. प्रोसेसर, रॅम, एसएसडी, मॉनिटर. आणि खाली दोन रेघा मारून, 'सगळं एका दिवशी, एका दुकानातून.'

"एका दिवशी कशाला गो?"

"एकमेकाला जुळलं पायजे, बाबा."

पण कुंडलिकनं घर बांधलं ते असं की आधी चौकट, मग एक सीझन विटा, मग एक सीझन पत्रे. मोटरी येतात त्या दिवाळीपासून पावसापर्यंत. पाऊस लागला की पडवी रिकामी. त्याला एका दिवशी काही घ्यायची सवयच नव्हती. त्यानं पहिल्यांदा डबा आणला. मुरबाडच्या दुकानात बोटाच्या पेरानं पत्रा वाजवून बघितला. दुकानदारानं काचेचा, आत लाल-निळे दिवे असलेला दाखवला, तर हा बोलला, "ही काय पानाची टपरी हाय?" लाइटीचे खोके दोन हातांत दोन धरले आणि जड होता तो घेतला. तांबं जास्त असणार. भाग्यश्री हसली, बोलली, "बाबा, हे मात्र खरं निघालं. जडच चांगला असतो."

मॉनिटर शहापूरला मिळाला, एका बंद पडलेल्या सायबर कॅफेत. एसटीत त्यानं तो गोधडीत गुंडाळून मांडीवर घेतला. शेजारच्या बाईनं विचारलं, "किती महिन्यांचं हाय?" हा बोलला, "जुनं हाय, पन चालतंय." बाई उठून दुसऱ्या सीटवर गेली. ही गोष्ट घरात चार दिवस पुरली. भाग्यश्री हसता हसता कलंडली तेव्हा वत्सलानं तिला उशीला टेकवून सरळ केलं.

पुढच्या सीझनला बोर्ड आणि प्रोसेसर आला, एसएसडी आली. त्याच सीझनला भाग्यश्रीचा वेणी घालायचा हात गेला. चमचा धरत होती. रविना, तिची शाळेतली मैत्रीण, तिचं लग्न वैशाखात ठरलं होतं. कॉम्प्युटरवरची पहिली पत्रिका रविनाची, असं या दोघींचं झालं होतं.

राहिली एक रॅम. वीतभरही नाही, एवढी पट्टी. फाल्गुनात भाग्यश्रीला श्वासाच्या तपासणीसाठी आठ दिवस मुंबईला ठेवलं, वत्सला सोबत होती. कुंडलिकनं मनात धरलं की पोर घरी येल तवा डबा चालू दिसला पायजे. तो वही घेऊन एकटा कल्याणला गेला.

यादीत लिहिलं होतं, 'रॅम: डीडीआर ४ – ८ जीबी.' चार नंबरच्या जातीची रॅम, आठ जीबीची. दुकानातल्या माणसाला आकडे इंग्रजीच सवयीचे. त्यानं ओळीवरून बोट फिरवलं. मराठीतला चार त्याला इंग्रजी आठ दिसला. पुढचा मराठी आठ त्याला पेन घसरल्यासारखा दिसला. "आठ जीबी ना काका? सस्ते में है," असं बोलून त्यानं जुनी, तीन नंबरच्या जातीची पट्टी कागदात बांधून दिली. कुंडलिकनं वही बघितली, आठ दिसला, समाधान झालं. चार कुठं गेला, ते विचारायचं त्याच्या मनात आलं नाही. त्यानं कुणाला फसवलं नव्हतं, त्या माणसानंही त्याला फसवलं नव्हतं.

घरी येऊन त्यानं सगळं जोडलं. भाग्यश्रीनं मोबाईलवर दाखवलं होतं तसं, स्क्रूला स्क्रू. पट्टी तेवढी बसेना. तिच्या कडेला एक खाच असते आणि बोर्डावर त्या खाचेत जाणारा दात. तो दात नि ती खाच समोरासमोर येत नव्हते. पट्टी फिरवली, उलटी केली, तेच.

आता तीस वर्षं ज्यानं शाफ्टवर चावी बसवली, पुली बसवली, तो काय करणार? त्याच्या धंद्यात जे बसत नाही त्याला कानस मारतात. त्यानं सगळ्यात बारीक कानस काढली. देवाची मूर्ती घासावी तसा हळू घासत बसला. जिथं दात तिथं नवी खाच पाडली. भुसा फुंकला. पट्टी बसवली. टक् करून बसली. त्या 'टक्'चा त्याला फार आनंद झाला.

मग त्यानं बटण दाबलं.

पंखा अर्धा फेरा फिरून थांबला आणि वास आला. मोटर जळते तेव्हा वास दांडगा असतो, वार्निशचा, डोळ्यांत पाणी आणणारा. हा बारीक होता. कुणीतरी लांब, दुसऱ्याच्या आवारात केस जाळावेत तसा. कुंडलिकनं वायर ओढली आणि जमिनीवर बसला. त्या दिवशी दोन गिऱ्हाइकं मोटरी टाकून गेली.

पोर घरी आली. दोघांनी उचलून आत आणली. तिनं पट्टी हातात मागितली, कानशीची नवी कड अंगठ्यानं चाचपली आणि बोलली, "वही आण." पान बघितल्यावर तिला सगळं कळलं.

"माजीच चूक, बाबा. इंग्रजी चार काढायला पायजे व्हता."

"माज्यासाठी मराठीत लिवलास तू. कानस कोनी मारली? तू मारलीस?"

"मीच सांगायला..."

"कोनाची ते मागनं ठरवा," वत्सला बोलली. "चा निवतोय."

चैत्र गेला. बोर्ड जळला होता, आणि नव्यापुरते पैसे त्या सीझनला पुन्हा उभे राहिले नाहीत. रविनाची पत्रिका मुरबाडहून छापून आली, त्यात तिचं नाव 'रवीना' पडलं होतं. भाग्यश्रीनं ती भिंतीला लावायला सांगितली. पाऊस लागला, पडवी रिकामी झाली. आषाढ, श्रावण गेला. चमचा गेला. बोलून मोबाईलवर लिहिता येतं, पण बोलून पत्रिका मांडता येत नाही. मामाचं नाव किती खाली घ्यायचं, ते हातालाच कळतं.

दिवाळीनंतर पहिल्या मोटरी आल्या तसा कुंडलिक पुन्हा कल्याणला गेला. या वेळी बोर्ड नि रॅम एका दिवशी, एका दुकानातून, दुकानदारासमोर चालू करून घेतलं. घरी जोडलं. पडदा उजळला. वत्सलानं भाग्यश्रीचा उजवा हात उचलून माउसवर ठेवला, एकेक बोट सरळ करून.

पडद्यावरचा बाण जरासा खाली सरकला. थांबला. पुन्हा थरथरला. पहिलं बोट बटणावर होतं, ते दाबलं जाईना. चहा उकळायला लागतो तेवढा वेळ तिनं प्रयत्न केला. कपाळावर घाम आला. कुंडलिक पडद्याकडे बघत राहिला, कारण हाताकडे बघायची त्याची हिंमत नव्हती.

"चालतंय छान, बाबा," ती बोलली. "आवाज पन नाय करत."

मग कॉम्प्युटरवर वत्सलानं आपलं जुनं लुगडं टाकलं. धूळ बसू नये म्हणून. तेच लुगडं आज सुदामला दिसलं.

"दादा, राग नका मानू," सुदाम पडवीत बोलला. "मी आपलं सहज..."

"राग नाय रे."

"बाबा," आतून आवाज आला. भाग्यश्रीचा आवाज आता बारीक झालाय, पण पडवीत पोचतो. "देऊन टाक."

कुंडलिक तार सरळ करत राहिला.

"बाबा, गिऱ्हाइकाला तूच सांगतोस ना, मोटर बंद ठेवली का जाम व्हते? मंग?"

"मी तो आठवड्याला एकदा चालू करतो," कुंडलिक म्हणाला, दाराकडे न बघता.

"चालू करून काय करतोस?"

तो बाण बघत बसतो, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. डबा द्यायचा म्हणजे तो हात आता परत येणार नाही असं तोंडानं बोलणं होतं, आणि ते त्यानं आजवर टाळलं होतं. आज ती बोलली. तीच बोलली म्हणून त्याला टाळता येईना.

"काय देऊ, भाग्ये?" सुदामनं दारातून विचारलं.

"बोर्डाचे पैसे दोनदा गेलेत, काका. तुमी एकदाचे द्या. बाकीचा डबा बाबानी वाजवून घेतलाय."

सुदाम हसला, मग आपण हसलो म्हणून चपापला. आत वत्सला भांडी घासायची थांबली होती.

कुंडलिकनं वही उघडली, शेवटचं पान. "सुदाम, इंग्रजी चार कसा काढतात रे?"

सुदामनं फळीवरच्या धुळीत बोटानं काढून दाखवला. कुंडलिकनं तो दोनदा धुळीत गिरवला. मग यादीतल्या मराठी चाराच्या बाजूला पेनानं काढला, जाड, वाकडातिकडा. पान फाडलं आणि सुदामच्या खिशात घातलं.

"कवा काही बदलायचं झालं तर हे घेऊन जा. आनी आपल्या हातानं कानस मारू नको." मग बोलला, "उद्या दिवसाउजेडी ये. मोटर नि डबा एकदमच ने. रिक्षात झोपवू नको त्याला, उभा धर."

"येतो दादा."

"बस. चा पिऊन जा."

सुदाम बसला. कुंडलिकनं अर्धी कॉइल पुढ्यात ओढली. साठपर्यंत आलो होतो, हे त्याला पक्कं आठवत होतं. तरी त्यानं सगळी तार उलगडून काढली, बोटांनी सरळ केली, साच्यावर टोक अडकवलं आणि पहिल्यापासून मोजायला लागला.