वाघोबाच्या पाण्यावर

नवाबाचं संस्थान गेलं, त्याची शिकारबंदी उठली आणि काशीदमागच्या जंगलात ज्याच्या त्याच्या हाती बंदूक आली. माझ्या थोरल्या भावानेही ठासणीची एक घेतली. मी तेव्हा उन्हाळ्यासाठी माहेरी आले होते.

त्या दिवशी कातकरीवाडीतले पुरुष त्याच्यासाठी हाका घालत होते, जनावरं उठवून त्याच्याकडे हाकलत होते. त्यांच्या म्होरक्याची बायको आमच्याकडे भातलावणीला यायची. तिच्याबरोबर मी खालच्या अंगाला करवंदं काढत होते. बार ऐकला तशी ती ताठ झाली.

"ह्यो पान्यावर झाला," म्हणाली आणि पळत सुटली. मीही मागोमाग.

उन्हाळ्यात त्या रानात एकच डबकं भरलेलं राहायचं. काठावर शेंदूर फासलेला वाघोबा. कातकरी शिकार करून खाणारी माणसं. पण तिथे प्यायला आलेलं जनावर वाघोबाचं पाहुणं, त्याला मारायचं नाही, ही वाडीची रीत. भावाला ती ठाऊक होती.

भेकराची मादी चिखलात पाय झाडत होती. पोट तटतटलेलं. आमच्या देखत ती थंड झाली.

"उचला," भाऊ म्हणाला. कोणी हललं नाही.

"गाभन हाय, दादा. अन् पान्यावर मारलीस," म्होरक्या म्हणाला. "आमी न्हाय शिवनार."

भावाने बंदुकीचा दस्ता त्याच्या तोंडावर हाणला. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. दुसरा घाव डोळ्यावर बसला. पुन्हा हात उचलला, तोच त्या बाईने कमरेच्या कोयत्याची पाठ भावाच्या मनगटावर घातली. तो किंचाळत खाली बसला. तिने बंदूक खडकावर आपटली, दस्ता तुटेपर्यंत आपटत राहिली. मग त्याच कोयत्याने भेकरीचं पोट फाडलं, पिल्लू बाहेर काढलं, पदराने त्याचं नाक पुसून फुंकर घातली. ते थरथरलं आणि गेलं.

वाडीत पोरं उपाशी होती, तरी मायलेकरांना त्यांनी तिथेच पुरलं.

वडील त्या बाईवर फिर्याद द्यायला निघाले. गावच्या पाटलांनी मला विचारलं, "आधी हात कोणी उचलला?"

"दादाने."

वडिलांनी माझ्या थोबाडीत मारली. पण फिर्याद द्यायची राहिली.

म्होरक्याचा डोळा गेला, भावाचं मनगट वाकडंच जुळलं. मुरूडहून बंदूकवाले येत राहिले, जास्त मजुरी कबूल करू लागले. पण वाडीतलं कुणी हाक्याला उठलं नाही. तेवढ्या दाट रानात त्यांना काही गवसेना. हळूहळू ते यायचे थांबले.

पुढल्या उन्हाळ्यात मी तांदूळ घेऊन वाडीवर गेले. बाईने टोपली परत माझ्याकडे सारली.

"तुजा राग न्हाय, बाय," ती म्हणाली. "पन तुज्या घरचं आमी खानार न्हाय."