उंबऱ्याखालचा मठाधिपती

“माझी सासू याच दगडावरून घरात आली, मीही आले, तूही आलीस. आणि आता तो उपटून चर्चला देणार?” डागमारनं कॉफीचा कप बशीवर आपटला.

“देणार नाही. परत करणार,” तिची सून टोवे म्हणाली.

काही शतकांपूर्वी राजानं मठ बंद करून भिक्षूंना घालवून दिल्यावर गावानं मठाचे दगड नेऊन घरं, गोठे बांधले होते. उरलं फक्त चर्च. एकतीस वर्षं त्याची झाडलोट टोवेकडे होती. वेदीपुढच्या फरशीत कुणा मठाधिपतीची अर्धी कबरशिळा होती: झग्याची किनार, टोकदार जोडे, काठीचं खालचं टोक. वरचा भाग नष्ट झाला, असं चर्चच्या माहितीपत्रकातच छापलेलं. तिची तुटकी कड मात्र टोवेच्या हाताला पाठ होती. गेल्या आठवड्यात घराच्या उंबऱ्याखालचा चिखल उकरताना त्या दगडाची तशीच कड बोटांना लागली. तिनं केक भाजायचा कागद लावून तिचा आकार कापला आणि चर्चमध्ये नेऊन शिळेशी जुळवून पाहिला. तंतोतंत बसला. चर्च समितीच्या अध्यक्षांना दाखवला, तर ते हसून म्हणाले, “वा. पण केक कुठाय?”

तो कागद आता टेबलावर पडला होता, आणि डागमार काठी टेकत जाऊन उंबऱ्यावरच उभी राहिली होती.

तेवढ्यात आयनर ट्रॅक्टरचा जॅक घेऊन आला. बायको आणि आई यांच्यामध्ये तो सहसा तोंड उघडत नसे. “आई, उतर. खालच्या बाजूला काही कोरलेलं नसलं तर दगड होता तसा बसवून देतो.”

“नसणारच,” म्हणत डागमार उतरली.

दगड कुरकुरत उठला, उलटला. टोवेनं त्यावर बादलीभर पाणी ओतलं. चिखलातून आधी अक्षरं वर आली, मग काठी धरलेली बोटं, मग चेहरा. चर्चमधले जोडे लोकांच्या पायांनी झिजून गुळगुळीत झाले होते. इथं पालथ्या पडलेल्या म्हाताऱ्याची पापणीसुद्धा शाबूत होती. टोवे गुडघ्यांवर बसली आणि हसतच सुटली. एकतीस वर्षं ज्याचे जोडे पुसले, तो आज पहिल्यांदा तिच्याकडे बघत होता.

डागमार वाकून बराच वेळ पाहत राहिली. “नाकसुद्धा धड आहे.”

“याच घरानं राखलं,” टोवे म्हणाली.

म्हातारी ताठ झाली. “रविवारी प्रार्थनेच्या आधी हा चर्चमध्ये जाणार. आयनर, ट्रॅक्टर धुऊन ठेव. चर्चचं दार त्या अध्यक्षाला स्वतः उघडायला सांगा. आणि तोवर सगळ्यांनी मागच्या दारानं यायचं.”