पॉलिश केलेला प्रोसेसर

किस्से कसे साचतात हे बघायचं असेल, तर जयपुरात कुठल्याही कॉम्प्युटरच्या कॅबिनेटचं झाकण उघडा. थोडे दिवस हात लावला नाही की आत वाळूचा थर! आमच्या टोळीचंही तसंच. रविवारी भेटायचं, पोहे खायचे आणि कुणाचा तरी डेस्कटॉप खोलून बसायचं, एवढाच कार्यक्रम. पण दर वेळी काहीतरी घडतंच.

टोळी लहान आहे. मी सांगलीची, इथे सॉफ्टवेअर टेस्टिंग करते. सुहास बार्शीचा, माझ्याच ऑफिसात, शास्त्री नगरात एकटा राहतो. आणि शिंद्यांचं कुटुंब: सुभेदार शिंदे इथल्या मिलिटरी स्टेशनवर, त्यांची साताऱ्याची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, आणि बारावीतली मुलगी ऋचा.

सुहासचा सगळा जीव त्याच्या सोळा कोअरच्या प्रोसेसरमध्ये. नवीन माणूस भेटला की नाव-गाव राहिलं बाजूला, आधी प्रश्न, "मशीन किती कोअरचं?" एकदा माझ्याबरोबर चारदीवारीत, म्हणजे जुन्या तटबंदीच्या शहरात, लाखेच्या बांगड्या घ्यायला आला. दुकानदाराचं बिलाचं मशीन बघून त्याने असा काही उसासा टाकला, की तो बिचारा घाबरला. "भाईसाब, घर में सब ठीक तो है?"

*

एकदा वहिनींनी विचारलं, "भावजी, सोळा कोअर म्हंजे नक्की काय वो?"

सुहास खुलला. "सोळा बायका एकदम पोळ्या लाटतायत असं समजा, वहिनी. आता प्रत्येकीला मीठ लागणार. हाताशी मिसळणाचा डबा असला तर हात घातला की मीठ. ती झाली कॅश मेमरी. डब्यात नसलं तर उठून फडताळापर्यंत जायचं, ती रॅम. आणि तिथंही नसलं तर पार शहराबाहेर बस्सीला जाऊन मीठ आणायचं. ती हार्ड डिस्क! म्हणून नुसते कोअर मोजू नयेत, डबा केवढा आहे तेही बघावं."

वहिनींनी सगळं नीट ऐकून घेतलं. म्हणाल्या, "कळलं. आणि तुमच्या स्वतःच्या घरात मीठ हाय का? मागल्या रविवारी पोह्यांना माझ्याकडून न्यावं लागलं."

*

मे महिन्यात प्रोसेसरचे फार हाल होतात. तापला की तो स्वतःच वेग कमी करतो, जळू नये म्हणून. हे ऐकल्यावर शिंदेसाहेब म्हणाले, "शहाणा आहे. आमच्याकडे भर दुपारच्या परेडला पोरं हेच करतात, फक्त कबूल करत नाहीत!"

सुहासला मात्र आपला प्रोसेसर हळू झालेला सोसेना. त्याने खोलीतला कूलर कॅबिनेटकडे वळवला आणि स्वतः डोक्यावर ओला टॉवेल टाकून बसला. त्याचे घरमालक दारात आले, कूलरकडे बघितलं, घामाने निथळणाऱ्या सुहासकडे बघितलं आणि अदबीने विचारलं, "सुहासजी, मेहमान ये हैं कि आप?"

*

एवढं करूनही मशीन तापतच होतं. महिनाभर सुहास जयपूरच्या उन्हाला शिव्या देत होता. शेवटी आम्ही सगळ्यांनी मिळून ते खोललं.

तर काय! प्रोसेसरवर बसवायच्या पंख्याच्या बुडाला कंपनीचं प्लास्टिक तसंच! "हे काढा" असं त्यावर ठळक छापलेलं. वर्षभर आम्हाला हीच गोष्ट बजावणारा माणूस खाली मान घालून बसला.

वहिनी पदर तोंडावर धरून हसत होत्या. "अवो, लग्न लागलं, पंगत उठली, आन् तुम्ही आंतरपाट काढलाच न्हाई!"

*

ऋचाला ॲनिमेशन शिकायचं होतं. साहेबांना ते पटत नव्हतं. "चित्रं काढून पोट भरतं का?" हा त्यांचा ठरलेला प्रश्न. बऱ्याच भांडणांनंतर तह झाला: डिझाइन कॉलेजला पाठवायची फिल्म वेळेत तयार झाली तर ॲनिमेशन, नाहीतर गुपचूप बी.एस्सी.

तिच्यासाठी मशीन जुळवताना सुहास मुद्दाम म्हणाला, "बोर्ड माझ्यासारखंच घ्या. सॉकेट एक असलं की एकाचा प्रोसेसर दुसऱ्यात बसतो. अडीअडचणीला बरं." वहिनी हळदीकुंकू घेऊन आल्या तेव्हा ऋचा ओरडली, "मम्मी, प्रोसेसरला नको! मतलब, बॉक्सला लाव ना!"

फिल्म हवामहालातल्या कबुतरांची होती. एकेका पिसावरचा उजेड मशीनला मोजायचा होता. पोरगी परीक्षेचा अभ्यास सांभाळून महिनोन्‌महिने त्यावर बसली होती. चित्रं संपली आणि आता फक्त मशीनने सगळी फिल्म पक्की करून द्यायची उरली. पाठवायची मुदत आली होती तोंडावर.

नेमकी त्या आठवड्यात आंधी आली. घरभर वाळू. ऋचा शाळेत होती. साहेबांना वाटलं, पोरीचं मशीन आपण साफ करून ठेवू. तेवढाच तिच्या कामाला बापाचा हात. त्यांनी जोर लावून पंखा उपटला. पंखा आणि प्रोसेसर यांच्यामध्ये लावलेली पेस्ट वाळलेली, त्यामुळे प्रोसेसर पंख्याला चिकटून सॉकेटमधून वर आला. त्याच्या पोटाला शेकडो सोनेरी पिना. फौजी माणूस, त्याला त्या मळक्या वाटल्या. बेल्टच्या बक्कलाचं पॉलिश घेतलं, ब्रश घेतला आणि मन लावून चमकवल्या!

ऋचाचा फोन आला तेव्हा तिला धड बोलता येत नव्हतं. आम्ही धावलो. पिना लखलख करत होत्या, पण निम्म्या आडव्या आणि काही तुटलेल्या. सुहासने त्या भिंगाखाली धरून बघितल्या आणि प्रोसेसर टेबलावर ठेवून दिला.

साहेब भिंतीशी ताठ उभे होते. "सावधान उभ्या होत्या हो," ते म्हणाले, "मीच विश्राम केल्या." कुणी हसलं नाही. त्यांचे डोळे भरले होते. त्या माणसाला रडताना मी तेव्हाच पाहिलं आणि मला फार वाईट वाटलं.

सुहास उठला. "एका मित्राकडे असाच एक पडून आहे. आलोच." तासाभरात आला, प्रोसेसर बसवला आणि मशीन सुरू झालं. कबुतरं उडाली! फिल्म वेळेत गेली. साहेबांनी त्या मित्राचा पत्ता तीनतीनदा मागितला. "तो लाजाळू आहे," एवढंच सुहास म्हणाला.

*

पुढे ऋचाची निवड झाली. पेढे घेऊन आम्ही सगळे सुहासकडे गेलो. साहेब आधी घरमालकांना पेढे द्यायला गेले, आम्ही आत आलो.

मशीन चालू होतं. निळे-तांबडे दिवे, कॅबिनेटचे पंखे गरगर. स्क्रीन मात्र काळी. ऋचा म्हणाली, "काका, माझी फिल्म तुमच्यावाल्या मशीनवर लावू ना. सोळा कोअरवर!"

"आज नको. अपडेट चालू आहे."

वहिनींनी पेढ्यांचा खोका कॅबिनेटवर ठेवला आणि वर तळहात टेकवला. भर उन्हाळा होता. "भावजी, हा डबा आज गार कसा वो?"

ऋचा वाकून कॅबिनेटच्या काचेतून आत बघायला लागली. मीही बघितलं. मधोमध, जिथे एरवी प्रोसेसर आणि त्यावरचा मोठा पंखा असायचा, तिथे नुसता सॉकेटचा रिकामा चौकोन होता, बारीक भोकांचा.

बाहेर जिन्यावर साहेबांच्या बुटांचा आवाज आला. ऋचाने काचेसमोर पेढ्यांचा खोका उभा करून ठेवला. मग तिने विचारलं, "काका, अपडेटला किती टाइम लागेल?"

सुहासने पेढा तोंडात टाकला. "लागेल गं थोडा. माझं मशीन जरा स्लो आहे."