रस्मीच्या घरची कडू कॉफी

रस्मी गवंड्याला इस्रायलच्या ठेकेदाराने निवडणुकीला उभं केलं, अशी गावात बोंब झाली. बोंब उठली शफीक न्हाव्याच्या दुकानात. दुपारच्या नमाजाला मशिदीच्या पायरीशी पोचेपर्यंत तिच्यात एक नवीकोरी मोटारही आली. खरं एवढंच, की योराम नावाच्या त्या ठेकेदाराचा युद्ध सुरू झाल्यापासून साधा फोनही नव्हता आणि रस्मीच्या दारातली मोटार मेव्हण्याची होती, बिनचाकांची.

युद्धाआधी रस्मी योरामच्या बांधकामावर होता, तेव्हा दोघं परांचीवर बसून एकाच डब्यातले ऑलिव्ह खात. योराम म्हणायचा, तुमच्याकडे शांततेची बोलणी करायला माणूसच नाही. रस्मी म्हणायचा, मी जन्मात एकदा मत दिलंय, तू तर उठसूट देतोस, मग तुमचा माणूस कुठे दडलाय? मग दोघं पुन्हा गिलाव्याला लागत. आता परवाने बंद, नाक्यापलीकडची वाट बंद, थापी पलंगाखाली. रस्मी बातम्या लावायचा, पण आवाज बंद करून. वाईट वाटायचं कधीच थांबलं होतं. बरं वाटायचंही.

एवढ्यात एकच गोष्ट त्याच्या डोक्यात घुसली. थोरल्या मुलाचं, राएदचं टक्कल पडत आलं, तरी त्याच्या बोटाला शाई लागलेली नव्हती. रामल्लातल्या आपल्या सरकारकडून मोठी निवडणूक जाहीर व्हायची आणि पुढे जायची. गावच्या मंडळाची असायची, पण चार घराण्यांचे म्हातारे आधीच बसून जागा वाटून घेत आणि मतपेटी न उघडताच निकाल लागे. म्हणून रस्मीने स्वतःचं नाव दिलं. निवडून यायचं त्याच्या स्वप्नातही नव्हतं. बायको त्याला मत देईल याचीही खात्री नव्हती. जागांपेक्षा एक जरी नाव जास्तीचं राहिलं, तर पेटी उघडावी लागणार होती.

चौथ्या दिवशी त्या म्हाताऱ्यांतले थोरले हाजी मुस्लिह बारा पांढऱ्या मिशा घेऊन दारात हजर झाले. रस्मीने कडू कॉफी ओतली. हाजींनी कप उचलला, ओठाला न लावता समोर ठेवला. बाकीच्यांनीही ठेवले. आता मागणं मान्य झाल्याशिवाय कोणी घोट घेणार नाही आणि पाहुणे कॉफी न पिता उठले, तर त्या घराकडे लेकालेकींच्या सोयरिकी येणार नाहीत, हे पडद्याआडच्या त्याच्या बायकोला, राएदची आई म्हणून उम्म राएदलाही ठाऊक होतं.

हाजी रस्मीला म्हणाले, "अबू राएद, नाव मागे घे. गावात फूट नको."

 कॉफी निवून गेली. कोणी जपमाळ ओढली, कोणी छत बघितलं. रस्मी छताकडेही बघेना, हाजींकडेही नाही. आणखी थोडा वेळ, आणि मिशा रिकाम्या उठणार होत्या.

तेवढ्यात हाजींना खोकल्याची उबळ आली. खरी होती की कामापुरती, यावर गावात अजून दोन तट आहेत. म्हातारा लालबुंद झाला, डोळे पांढरे झाले. रस्मीचा हात आपसूक पुढे गेला. त्याने समोरचा कप उचलला आणि हाजींच्या हातात दिला.

यजमानाने स्वतः कप हातात दिला, म्हणजे मागणं मान्य. हाजींचा खोकला जागच्या जागी थांबला. त्यांनी घोट घेतला, बारा घोट मागोमाग गेले, सगळ्यांनी अल्लाचं नाव घेतलं. 'हे मान्य नाही' असं म्हणायला रस्मीला अजून वाव होता. तो रिकामे कप गोळा करत राहिला.

पाहुणे गेल्यावर उम्म राएद म्हणाली, "खोकल्यावर पाणी देतात, अबू राएद."

दुसऱ्या दिवशी रस्मी दाढीला गेला. शफीकने साबण लावता लावता विचारलंच, "काय पुढारी, एका खोकल्यात सरकार पडलं?"

रस्मी आरशाकडे बघत म्हणाला, "रामल्लात खुर्चीवर बसलेत त्यांना आपण कधीची कॉफी पाजली, शफीक. अजून बसलेत. माझ्याकडचे निदान पिऊन उठून तरी गेले."