नानांचा आवाज पुन्हा पारोळ्याच्या बाजारात

मागच्या बाजाराच्या दिवशी मी पारोळ्यात होते. नानांच्या रिक्षात मागे, भोंग्याच्या बॅटरीशेजारी, अंग चोरून बसले होते.

नाना म्हणजे माझे चुलते. दुकानाचं उद्घाटन असो, कपड्यांचा सेल असो की हरवलेली म्हैस, पारोळ्यात आणि आसपासच्या गावांत पुकारा नानांचाच. तोही कायम माइक हातात धरून, समोर दिसेल त्याला नावानिशी चिडवत. रेकॉर्डिंग लावून फिरणाऱ्यांना ते आळशी म्हणायचे.

गेल्या वर्षी घशातली गाठ काढली. जीव वाचला, आवाज गेला... आता नुसता श्वासासारखा काहीतरी खरखराट निघतो. रिक्षा अंगणात उभी राहिली आणि नाना तिच्यात जाऊन बसायचे, भोंगा पुसायचे. दुसरं काही काम त्यांना येत नाही आणि खरं सांगायचं तर करायचंही नाही.

माझं आणि एआयचं तसं जमत नाही. मी धुळ्यात घरी बसून खतं-औषधांच्या माहितीपत्रकांची भाषांतरं करते. हे आल्यापासून माझी कामं आटली, उरली ती त्याच्या चुका निस्तरायची. त्यामुळे त्याचं कौतुक कुणी करायला लागलं की मी उठून स्वयंपाकघरात जाते.

पण नानांसाठी नाक मुठीत धरून बसले लॅपटॉपसमोर. घरच्या लग्नांच्या व्हिडिओंमधून नानांचं बोलणं वेचून काढलं, त्यांना विचारून त्यावरून आवाज तयार केला. सुरुवातीला तो आवाज अहिराणीतला 'शे', म्हणजे 'आहे', असा काही नाजूक म्हणायचा की नाना पोट धरून हसले... बिनआवाजाचे. मग आणखी बोलणं घातलं, आणि एका दुपारी मी टाइप केलेलं वाक्य फोनमधून नानाच बोलले. मी बोटं तोंडावर धरून बसून राहिले. आपलं काम हिरावणाऱ्या वस्तूचं इतकं कौतुक वाटावं, याचा रागही आला.

तर त्या दिवशी हा आवाज पहिल्यांदा बाजारात नेला. काम मिळालं होतं एका कापड दुकानाच्या सेलचं. दुकानदार शेठनी बजावलं होतं, की गर्दी झाली तर पुढचीही कामं देईन, नाहीतर राहू द्या.

फोन भोंग्याला जोडला आणि भोंगा सुरू झाला... खणखणीत, नेहमीसारखा. लोकांनी वर पाहिलं, नानांचं मिटलेलं तोंड पाहिलं आणि परत भाजी निवडायला लागले. दोन फेऱ्या झाल्या, तरी दुकानाकडे कुणी फिरकेना.

कारण कळलं ते मिरच्या विकणाऱ्या सुमनबाईकडून. गिऱ्हाईकाला ती अगदी खात्रीनं समजावत होती, "जुनी कॅसेट शे ती. नानाना आवाज गया ना... तो सेल कव्हयना सरी गया."

झालं! सगळ्या बाजाराला माहीत होतं की नानांचा आवाज गेलाय. मग हा आवाज जुना, म्हणजे सेलही जुनाच, कधीचा संपलेला. आवाज इतका हुबेहूब बनवला होता की त्यानंच घात केला. शेठ दुकानाच्या पायरीवर येऊन माझ्याकडे बघत होते आणि मला वाटलं, संपलं... आता नाना रिक्षाला हात लावणार नाहीत.

नानांनी रिक्षा सुमनबाईसमोरच उभी केली. फोन काढला, चष्मा कपाळावर सरकवला आणि एका बोटानं सावकाश टाइप करत बसले. मग भोंगा बोलला.

"सुमनबाई, मिरच्या झाकी ठेव, वारा सुटना शे. आनि कॅसेट नही शे ही... आजना सेल शे."

सुमनबाईच्या हातातला तराजू तसाच राहिला. तिनं नानांकडे पाहिलं, भोंग्याकडे पाहिलं, आणि आधी खरंच मिरच्यांवर गोणपाट ओढलं. मग जो हशा उठला... शेजारचा कांदेवाला ओरडून सांगायला लागला की आता माझंही नाव घ्या. नाना टाइप करत राहिले, एकेकाला टोमणे मारत राहिले आणि लोक हसत हसत दुकानाकडे वळले.

संध्याकाळी शेठ खूश. म्हणाले, आवाजाची ती फाइल मला देऊन टाका, मी दुकानावर स्पीकर बसवतो, नानांना कशाला उन्हात फिरायचा त्रास? काळजीच्या सुरात म्हणाले, पण मी तो सूर ओळखला. माझी कामं अशीच गेली होती, गोड बोलून.

मी तोंड उघडायच्या आत नानांनी फोन पुढे धरला. "शेठ, आवाज सुटा मिळत नही. रिक्षासंगेच मिळस."

शेठ हसले. पुढच्या बाजाराचं काम रिक्षासकट ठरलं. तरी मी त्याच रात्री नानांच्या फोनला नवा पासवर्ड घातला... आज शेठनी निदान विचारलं, उद्याचा कुणी न विचारताच आवाज घेऊन जाईल.

घरी परतताना गल्लीच्या कोपऱ्यावर नानांनी रिक्षा थांबवली. पूर्वी इथूनच ते माइकवर अक्काला, म्हणजे माझ्या काकूला, आपण आल्याचं आणि चहाचं सांगायचे आणि सगळी गल्ली हसायची. ऑपरेशननंतर नाना कधी घरात आले ते अक्काला कळायचंही नाही. त्यांनी टाइप केलं आणि भोंगा म्हणाला, "चहा ठेव, मी वनू."

मला वाटलं, आत अक्का रडत असेल... मग पातेल्याचा आवाज आला, आणि अक्काचा, पूर्वीसारखाच करवादलेला. "कितला उशीर करा आज."

नानांनी भोंगा बंद केला आणि डोळे पुसले. माझं एआयशी भांडण अजून मिटलेलं नाही, मिटणारही नाही. पण त्या संध्याकाळचा चहा मात्र मी त्याच्या नावानं प्यायले.