देव्हाऱ्यातल्या पट्ट्या

आमच्या घरातून कॉलेजला गेलेली मी पहिलीच. हिंजवडीजवळच्या आमच्या चांदे गावाहून एसटीनं जायचे. हिंजवडीत तेव्हा कंपन्या नुकत्या येऊ लागल्या होत्या.

त्या वर्षी वनस्पतिशास्त्राच्या सरांनी प्रत्येकाला बुरशीचं एकेक कुळ वाटून दिलं. माझ्या वाट्याला आलं ते मातीत आणि ओल धरलेल्या भिंतींवर राहणारं, कागद खाऊन जगणारं. फिल्टर पेपरच्या पट्ट्या ओल्या मातीत पुरायच्या, तीन आठवडे थांबायचं आणि त्यांवर आलेले केसाळ काळे गोळे सरांना दाखवायचे. वाढ दिसली तरच जर्नलवर सही, आणि सही असली तरच परीक्षा.

मी बिस्किटांच्या डब्यात माती भरून तो खाटेखाली ठेवला. आईला सांगितलं, "यात बुरशीचं कुळ आहे."

"बुरशीलाबी कुळ असतंय व्हय? मंग सोयरीक जुळवू की!" ती हसली.

कागदच कुजवायचा आहे, हे मात्र मी सांगितलं नाही. तिला ते पटलं नसतं, असं मला वाटलं.

विसाव्या दिवशी पट्ट्यांवर बारीक काळे ठिपके दिसले. दुसऱ्या दिवशी कॉलेजातून आले, तर डबा घासून उपडा घातलेला.

"आई, यातल्या पट्ट्या?"

"देव्हाऱ्यात हायेत. कागुद म्हंजी सरस्वती. पाय लागला तर पाया पडतो आपण, आन् तू चिखलात कुजवतीस? परीक्षा तोंडावर आलीया, काई वाटतं का? लई घाण धरली हुती. धुतल्या, पुसल्या, चुलीपाशी सुकवल्या."

मी तीच बुरशी शोधायला गोठ्यात गेले. अंधार पडेपर्यंत गोठ्याची भिंत खरवडली, सरपणाखालचे पुठ्ठे उलटेपालटे केले. हिरवट बुरशी मिळाली, पण ती माझी नव्हती.

सकाळी, सही घ्यायची आहे एवढंच आईला सांगून, पट्ट्याच घेऊन गेले. सरांनी एक सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली, बराच वेळ पाहिलं.

"हे लाल काय आहे?"

"कुंकू, सर."

मागच्या मुली हसल्या. सर हसले नाहीत.

"सर, मी परत लावते. तीन आठवडे द्या."

"परीक्षा दहा दिवसांवर आली, बाळ. वाढच नाही, तर सही कशावर करू?"

घरी आई उंबऱ्यातच उभी होती. "झाली का गं सही?"

"झाली."

तिनं देवापुढं साखर ठेवली, हात जोडले आणि त्यातली चिमूटभर माझ्या तळहातावर दिली. ती बघत होती, म्हणून मी खाल्ली.